खांदा-हाताच्या नसांची इजा: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स-रे नॉर्मल आला, हाड कुठेच मोडलेलं नाही. मग हात वर का जात नाही?

एक्स-रेत हाडं दिसतात, नसा दिसत नाहीत. हात हलवण्याचा हुकूम मेंदूतून निघतो, मानेच्या मणक्यांतून बाहेर पडतो, हासळीच्या हाडामागून काखेत येतो आणि तिथून बोटांपर्यंत जातो. या वाटेत कुठेही खोट आली की हाडं-सांधे धडधाकट असूनही हात लोंबकळतो.

मानेतून सी-५, सी-६, सी-७, सी-८ आणि टी-१ अशी पाच मुळं निघतात. कळवा कारशेडच्या तोंडाशी रूळ जसे एकमेकांत शिरतात आणि पुन्हा फुटतात, तशी ही मुळं मान आणि काखेच्या मधल्या वीतभर जागेत जुळतात, फुटतात, पुन्हा जुळतात. शेवटी त्यांतून हाताच्या पाच मुख्य नसा बनतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. ढोबळ वाटणी अशी: सी-५ खांदा उचलतं, सी-६ कोपर वाकवतं, सी-७ कोपर आणि मनगट सरळ करतं, सी-८ आणि टी-१ मूठ आणि बोटं चालवतात. त्यामुळे काय हलत नाही एवढ्यावरूनही जाणकार डॉक्टरला इजा कुठे झाली याचा बराच अंदाज येतो.

आपल्याकडे रक्तवाहिनीलाही ‘नस’ म्हणतात, त्यातून गोंधळ होतो. या पानावर नस म्हणजे मज्जातंतू.

कोणत्या लक्षणांत आजच्या आज हॉस्पिटल गाठायचं?

अपघातानंतर हात गार, फिकट पडला किंवा मनगटाची नाडी लागेना, हासळीच्या वर सूज वाढत चालली, श्वास लागतोय, काच, चाकू, पत्र्याने कापून लगेच हात बधिर झाला, दोन्ही हात किंवा पायही कमजोर वाटतात. यांपैकी काहीही असलं तर सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहू नका.

अपघात नसताना हात अचानक लुळा पडला आणि सोबत तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर ते नसेचं दुखणं समजू नका. तो मेंदूचा झटका असू शकतो. १०८ लावा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

हे होतं कशामुळे?

मोठ्यांमध्ये सगळ्यात मोठं कारण दुचाकी. घोडबंदर रोडवर खड्डा चुकवताना किंवा पाम बीचवर वेगात घसरल्यावर माणूस खांद्यावर आपटतो. खांदा जमिनीवर थांबतो, डोकं मात्र विरुद्ध बाजूला फेकलं जातं. मान आणि खांदा यांमधला कोन फाकतो आणि वरची मुळं, म्हणजे सी-५ आणि सी-६, ताणली जातात. जोर जास्त असेल तर पाचही. हेल्मेट डोकं वाचवतं, म्हणून ते घालायचंच, पण या नसांना त्याचं संरक्षण नाही. अशा पेशंटला बहुधा डोक्याला मार आणि दोन-तीन फ्रॅक्चरही असतात. आयसीयूत जीव वाचवण्याची धावपळ चालते आणि हात हलत नाही ते प्लास्टरमुळे असेल असं सगळे धरून चालतात. प्लास्टर निघतं दीड महिन्याने, तेव्हा खरी गोष्ट कळते. म्हणून नातेवाइकांनी पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न विचारावा: ‘याची बोटं, मनगट, कोपर स्वतःहून हलतायत का, तपासलंत का?’

दहीहंडीत वरच्या थरावरून मान-खांद्यावर पडलेल्या गोविंदाचं गणित हेच. लोकलच्या दारात पाय निसटला आणि हाताने दांडा धरून ठेवला, तर उलटं होतं. हात डोक्यावर ओढला जातो आणि खालची मुळं, सी-८ आणि टी-१, उपटली जातात. खांदा-कोपर ठीक, पण मूठ गेली. टीटीसी औद्योगिक भागात मशीनच्या पट्ट्यात किंवा रोलरमध्ये हात ओढला गेला तर ताण, चिरडणं आणि कधी भाजणं, तिन्ही एकत्र येतात.

हाड आणि सांध्याच्या इजेतही जवळची नस सापडते. खांदा निखळला की अ‍ॅक्झिलरी नस दुखावू शकते, आणि मग खांद्याचा गोलवा सपाट दिसून तिथे रुपयाएवढ्या जागेपासून तळहाताएवढ्या जागेपर्यंत कातडी बधिर होते. दंडाचं हाड मधोमध मोडलं की रेडियल नस जाऊ शकते आणि मग मनगट लोंबतं. रात्रपाळीत खुर्चीच्या पाठीवर हात टाकून, त्यातही दोन पेग घेऊन, गाढ झोपलेल्याचं मनगटही सकाळी असंच लोंबतं. ते बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. कुबडी काखेत रुतवून चालणाऱ्यांचंही तेच होतं. कुबडीचा भार हातावर हवा, काखेत दोन-तीन बोटांची फट हवी.

वाशीच्या मार्केटमध्ये पाठीवर-खांद्यावर पोती वाहणाऱ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. दोन्ही हात भिंतीवर टेकवून भिंत ढकला आणि मागून कुणाला तरी पाहायला सांगा. पाठीचा एका बाजूचा फरा पंखासारखा बाहेर आला, तर लाँग थोरॅसिक नस दुखावलेली असू शकते. गिर्यारोहकांच्या जड सॅकनेही हे होतं.

अपघाताशिवायची कारणंही आहेत: मानेतली सरकलेली चकती, जास्तीची बरगडी, स्तनाच्या कर्करोगानंतर दिलेलं रेडिएशन (त्याचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसू शकतो), फुप्फुसाच्या टोकाशी वाढलेली गाठ. तंबाखू किंवा सिगारेट ओढणाऱ्याला खांद्यापासून करंगळीपर्यंत कळ येत असेल आणि त्याच बाजूची पापणी झुकली असेल, तर छातीचा फोटो आधी काढा. आणि कुष्ठरोग विसरू नका. करंगळी बधिर, कोपराच्या आतल्या बाजूला नस दोरीसारखी जाड, अंगावर संवेदना नसलेला फिकट चट्टा, असं असेल तर सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

नस ताणली, तुटली की उपटली, यात फरक काय?

सगळं भवितव्य इथेच ठरतं. १९४३ मध्ये सेडन या सर्जननी केलेली तीन गटांची विभागणी आजही वापरात आहे. घरातल्या वायरीवरून समजून घेऊ.

पहिला गट: वायर शाबूत, वरचं आवरण खरचटलं. करंट तात्पुरता थांबतो. काही दिवसांत ते दोन-तीन महिन्यांत हात पूर्ववत होतो.

दुसरा: आतली तांब्याची तार तुटली, पण बाहेरची नळी जागेवर आहे. तार त्याच नळीतून पुन्हा वाढते. सुधारणा होते, पण महिने लागतात.

तिसरा: नळीसकट सगळं तुटलं. टोकं एकमेकांना सापडत नाहीत, मध्ये गाठ बनते. इथे ऑपरेशनशिवाय मार्ग नाही.

यापलीकडे एक वेगळीच इजा असते. वायर मधे तुटत नाही, थेट बोर्डातून उपटून येते. मूळ मणक्यातूनच निघालं तर त्या मुळाला पुन्हा जोडायला टोकच उरत नाही. त्याच बाजूची पापणी झुकलेली आणि बाहुली लहान असणं ही टी-१ उपटल्याची खूण आहे. बधिर हातात पहिल्या दिवसापासून विजेचे झटके बसल्यासारखी आग होणं हेही चांगलं लक्षण नाही.

अडचण ही की एकाच हातात वेगवेगळे प्रकार सापडू शकतात: सी-५ ताणलेलं, सी-६ तुटलेलं, सी-८ उपटलेलं. म्हणून ‘शेजारच्याचा तर आपोआप बरा झाला’ याला अर्थ नाही.

किती दिवसांत बरं होईल?

नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर, महिन्याला सुमारे एक इंच. सुरुवातीचा महिनाभर तर तयारीतच जातो. दुसरीकडे, हुकूम न मिळालेला स्नायू कायम वाट पाहत नाही. साधारण १२ ते १८ महिन्यांत नस आणि स्नायू यांमधला सांधा निकामी होतो; त्यानंतर नस पोहोचली तरी स्नायू जागा होत नाही.

आता हिशेब करा. हासळीपासून बेटकुळीच्या स्नायूपर्यंत २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे सात-आठ महिने. इजेनंतर चौथ्या महिन्यात नस जोडली तर बाराव्या महिन्यात ती पोहोचते, वेळेत. दहाव्या महिन्यात जोडली तर अठराव्यात पोहोचते, म्हणजे गाडी सुटलेली. हासळीपासून तळहाताच्या बारीक स्नायूंपर्यंत मोठ्या माणसात सुमारे ७० सेंटिमीटर. जवळजवळ दोन वर्षं. म्हणूनच वरची नस जोडून खांदा आणि कोपर परत मिळू शकतं, पण गेलेली मूठ तशी फारशी परत येत नाही.

डॉक्टर म्हणाले, तीन महिने थांबा. थांबू का?

थांबा, पण तपासत थांबा. बंद इजेत सुरुवातीला थांबणं योग्यच आहे, कारण पहिल्या-दुसऱ्या गटातल्या नसा आपोआप सुधारतात आणि त्या उगाच कापायच्या नसतात. चूक होते ती थांबण्याचं रूपांतर विसरण्यात होतं तेव्हा. ‘नस आहे, वेळ लागतोच’ म्हणत वर्ष निघून जातं आणि पेशंट योग्य सर्जनकडे चौदाव्या महिन्यात पोहोचतो.

पहिल्या महिन्यातच नसांच्या सर्जनला एकदा दाखवून ठेवा. ऑपरेशनचं ठरलंच असं नव्हे, पण दर महिन्याला तोच माणूस तपासणार असेल तर फरक त्याच्या लक्षात येतो. तीन महिन्यांत खांदा किंवा कोपरात काहीच हालचाल नसेल तर ऑपरेशनचा विचार करायचा. तीन ते सहा महिने हा चांगला काळ. मुळं उपटल्याचं स्पष्ट असेल तर तेवढंही थांबायचं कारण नाही. आणि काच-चाकूने कापलेली नस यात बसत नाही. ती शक्यतो पहिल्या काही दिवसांतच शिवायची.

सुधारणा होतेय की नाही, घरी कसं ओळखायचं?

कोपरासाठी ही चाचणी. टेबलावर स्टीलचं मोठं ताट उपडं ठेवा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. पेशंटला खुर्चीवर असं बसवा की दंड टेबलाच्या उंचीवर आडवा टेकेल, आणि करंगळीची बाजू ताटावर राहील. आता हात उचलायचा नाही, नुसता सरपटत तोंडाकडे आणायचा. यात हाताचं वजन उचलावं लागत नाही, त्यामुळे अगदी थोडी ताकद आली असेल तरी पावडरीवर चाप उमटतो. दुसऱ्याने दोन बोटं बेटकुळीवर ठेवावीत. हात हलण्याआधी कित्येकदा स्नायूची फुरफुर बोटांना लागते. खांदा पुढे ढकलून किंवा अंग झुकवून हात सरकवला तर ती फसवणूक समजा.

दुसरी खूण टकटक. हासळीच्या वरून दंडाकडे बोटाने हलकं ठोकत या. जिथे ठोकल्यावर हातात मुंग्या धावतात तिथे पेनने खूण करून तारीख लिहा. ती जागा महिन्याला इंचभर खाली सरकत असेल तर नस वाढतेय. सलग दोन-तीन महिने तिथेच अडकली तर सर्जनला सांगा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा; ओपीडीच्या दहा मिनिटांत त्याचा फार उपयोग होतो.

ईएमजी, एमआरआय कधी करायचं?

ईएमजी-एनसीएस (स्नायू आणि नसांमधला करंट मोजणारी तपासणी) इजेनंतर तीन-चार आठवड्यांनी. पहिल्या आठवड्यात केलेला रिपोर्ट दिशाभूल करतो, कारण तुटलेल्या नसेचा खालचा तुकडा काही दिवस करंट वाहतच असतो. या तपासात एक गंमत आहे: हात पूर्ण बधिर असूनही संवेदनेची नस मशीनवर चांगली दिसली, तर ती वाईट बातमी समजतात. मूळ मणक्याजवळच उपटलंय आणि खालची तार जिवंत आहे, असा त्याचा अर्थ. नसांसाठीचा एमआरआयही तातडी नसेल तर महिन्याभराने अधिक स्पष्ट येतो. तो फक्त मानेचा न करता ब्रेकियल प्लेक्ससचा करायला सांगितलाय ना, हे चिठ्ठीवर पाहून घ्या. छातीचा साधा एक्स-रेही हवा: त्या बाजूचा श्वासपटल वर चढलेला दिसला तर इजा मानेत फार वर आहे.

ऑपरेशनमध्ये करतात काय?

दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला ग्राफ्ट: तुटलेल्या भागातली गाठ काढून मध्ये पायाच्या पोटरीतली सुरल नस बसवायची. तिच्या बदल्यात पावलाची बाहेरची कड बधिर होते, चालण्यात फरक पडत नाही. टाके केसापेक्षा बारीक धाग्याचे, मायक्रोस्कोपखाली.

दुसरा नर्व्ह ट्रान्सफर: चालू नसेतला थोडा हिस्सा बंद पडलेल्या नसेला द्यायचा. मुळं उपटलेली असतील तर हाच पर्याय. मूठ शाबूत असेल तर करंगळीच्या बाजूच्या अल्नर नसेतले एक-दोन धागे दंडातच बेटकुळीच्या नसेला जोडतात. ओबरलिन यांनी ही पद्धत १९९४ मध्ये मांडली. जोड स्नायूच्या अगदी जवळ असल्यामुळे वाट २० सेंटिमीटरऐवजी काही सेंटिमीटरची होते. घड्याळाला हरवण्याची ही युक्ती. खांद्यासाठी मानेतली स्पायनल अ‍ॅक्सेसरी नस वापरतात. पाचही मुळं गेली असतील तर बरगड्यांमधल्या नसा आणतात.

जोडल्यावर मेंदूला नवी वाट शिकवावी लागते. अल्नर जोडलेल्याला सुरुवातीला कोपर वाकवायला आधी मूठ आवळावी लागते. बरगडीची नस जोडलेल्याला खोल श्वास घ्यावा लागतो; खोकला आला की हात उडतो. महिनोन्‌महिने सराव केल्यावर दोन्ही वेगळं करता येतं.

वर्ष-दीड वर्ष उलटून गेलं तर? नस जोडण्यात अर्थ उरत नाही, पण उपाय संपत नाहीत. चालू स्नायूचा कंडरा फिरवून मनगट उचलता येतं, मांडीचा ग्रॅसिलिस स्नायू रक्तवाहिनी-नसेसकट दंडात बसवता येतो, खांद्याचा सांधा कामाच्या कोनात कायमचा पक्का करता येतो.

खरं सांगा, हात पहिल्यासारखा होईल का?

पहिल्या गटाची इजा असेल तर बहुतेक वेळा हो. वरची मुळं तुटली आणि वेळेत ऑपरेशन झालं तर कोपर वाकण्याची आशा चांगली. पेला तोंडापर्यंत नेणं, पिशवी मनगटात अडकवणं जमतं. खांदा पूर्ण डोक्यावर जाणं कमी जणांना मिळतं. पाचही मुळं उपटलेल्या हातात ध्येय वेगळं ठेवावं लागतं: कोपर वाकावं, हात अंगाशी धरता यावा, धरून ठेवायला मदतीला यावा. वय कमी, सिगारेट नाही, साखर ताब्यात, इजा खालपर्यंत पसरलेली नाही, आणि वेळेत उपचार, या गोष्टी पेशंटच्या बाजूने जातात. पहिली फुरफुर ते उपयोगी ताकद यात वर्षभर सहज जातं. सुधारणा दोन-तीन वर्षं चालू राहते.

बाळाचा हात जन्मापासून हलत नाही.

प्रसूतीत डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकला की हे होतं; मधुमेही आईच्या वजनदार बाळात जास्त. हात अंगालगत, आत वळलेला, मनगट दुमडलेलं दिसतं. बहुतेक बाळं पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुधारतात. हासळीचं हाड मोडलंय का ते आधी पाहायचं. मग डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, व्यायाम सुरू. कोपर कुशीला टेकवून, ९० अंशांत वाकवून, हात हळूच बाहेर वळवायचा, दर लंगोट बदलताना दहा वेळा. झबलं घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. काखेत हात घालून उचलू नका, दंडाला धरून तर नाहीच. ‘तेलाने जोरात चोळलं की सुटेल’ हा आजीचा सल्ला प्रेमाचा असतो, पण मानू नका. तिसऱ्या महिन्यात कोपर स्वतःहून वाकत नसेल तर लहान मुलांच्या नसांचं काम करणाऱ्या सर्जनकडे लगेच. संपूर्ण हात लुळा आणि पापणी झुकलेली असेल तर त्याआधीच.

कुठे मार लागला नाही. रात्री खांदा भयंकर दुखला, आठवड्याने दुखणं कमी झालं आणि हात उचलेनासा झाला.

हा क्रमच ओळखीचा आहे. पार्सोनेज आणि टर्नर यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेली ही नसांची सूज ताप, ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतरही येते. फ्रोझन शोल्डर समजून महिनोन्‌महिने शेक घेतला जातो. फरक सोपा: फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही, इथे दुसऱ्याने उचलला तर जातो, स्वतःहून जात नाही. ताकद बहुतेकांची दोन-तीन वर्षांत बरीच परत येते, पण हात लवकर दमतो.

मालिश, हाडवैद्य, बी-१२च्या गोळ्या?

तुटलेली नस चोळून जुळत नाही. ताज्या इजेत मान-खांदा ओढणं धोक्याचं. बी-१२ची कमतरता असेल तर गोळ्या जरूर घ्या. शाकाहारी आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ती तपासावीच. पण ‘नसांची गोळी’ चालू आहे म्हणून सर्जनकडे जाणं लांबवू नका.

मग घरी काय करायचं?

सांधे मोकळे ठेवायचे. नस परत आली आणि सांधा आखडलेला असेल तर मिळालेली ताकद वाया. दुसऱ्या हाताने खांदा, कोपर, मनगट आणि प्रत्येक बोटाचं पेर, दहा-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. खांदा लोंबत असेल तर झोळी वापरा, पण व्यायामाला काढा. दिवसभर झोळीतच ठेवलेलं कोपर दोन महिन्यांत अडकतं. झोपताना हाताखाली उशी. मनगट लोंबत असेल तर उचलून धरणारा स्प्लिंट.

बधिर हाताला चटका कळत नाही. चहाचं भांडं, कुकरची वाफ, दुचाकीचा सायलेन्सर, गरम पाण्याची पिशवी यांनी भाजतं आणि पत्ता संध्याकाळी लागतो. रोज रात्री उजेडात हात उलटसुलट पाहा.

आग आणि झटके यांवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबलिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधं डॉक्टर हळूहळू डोस वाढवत देतात. झोप येते म्हणून लगेच सोडू नका, आणि मनानेच एकदम बंदही करू नका.

इथे दाखवायचं कुठे, कागद कोणते?

पहिली तपासणी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात होऊ शकते. नस जोडण्याच्या मायक्रोसर्जरीसाठी प्लास्टिक सर्जरी किंवा हँड सर्जरी विभाग लागतो. केईएम आणि सायनसारखी मोठी रुग्णालयं लोकलने गाठता येतात. सर्जनला थेट विचारा: ब्रेकियल प्लेक्ससची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधीच कळतं. कंपनीत ईएसआय कापला जात असेल तर तो कागद आधी काढा.

रस्ता अपघात असेल तर एफआयआर, पहिल्या दिवसाची केसपेपर, ईएमजीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा आणि नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी सहा महिन्यांच्या आत वकील गाठा. पहिल्या केसपेपरवर ‘उजवा हात हलत नाही’ ही ओळ नसेल तर पुढे विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच ती लिहून घ्या. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर २०१६ च्या कायद्यानुसार सवलती मिळतात. त्यासाठी यूडीआयडीचा (अपंगत्वाच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरून तपासणीला जायचं, पण सुधारणा चालू असताना मिळणारं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं. त्यावरची पुनर्तपासणीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरात टाकून ठेवा.